दुसरी वेलांटी

चौकशी यापुढे घरी व्हावी, कचेरीत नको, एवढी एकच विनंती बाबांनी केली होती आणि साहेबांनी ती मान्य केली. म्हणून रविवारी सकाळी दहा वाजता सगळं घर जेवणाच्या टेबलाभोवती जमलं. हे घर तसं कशावरच एकमत न होणारं. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे यावरून इथे एकदा तीन आठवडे अबोला चालला होता. पण गेले सात महिने सगळ्यांनी न ठरवता एक गोष्ट पाळली होती, पाहुण्यांचा विषय काढायचा नाही.

पाहुणे म्हणजे थोरलीचा नवरा. लग्न झालं तेव्हा आईने जावयाला पाहुणे म्हटलं आणि ते बारा वर्षं तसंच राहिलं. “अहो आई, अजून किती दिवस पाहुणाच?” असं तो हसून विचारायचा आणि आईला ते उगाचच आवडायचं. सात महिन्यांपूर्वी एका मंगळवारी तो दाढीचा साबण आणायला खाली उतरला तो परत आला नाही. चौथ्या दिवशी गुप्तचर खात्याचे साहेब आले. त्यांनी सांगितलं, की त्याचं नाव ते नाही, गाव ते नाही आणि देशही हा नाही. थोरली संरक्षण खात्यात टंकलेखक होती. तिच्या टेबलावरून जाणारे कागद हाती लागावेत म्हणून त्याला तिच्या प्रेमात पडायला पाठवलं होतं. तिने विचारलं, “पाठवलं होतं म्हणजे?” साहेबांनी तेच वाक्य पुन्हा, जरा सावकाश सांगितलं.

“चांगले कप काढू की रोजचे?” भावजयीने स्वयंपाकघरातून विचारलं.

“चांगले काढ,” आई म्हणाली. “आपण काय गुन्हेगार आहोत?”

“तेच तर ठरायचंय आज.”

धाकट्याने बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. तो सरकारी छापखान्यात पर्यवेक्षक होता. सध्या सक्तीच्या रजेवर. बाबा त्याच छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाले होते, अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून. थोरलीच्या मुलीला, चिमणीला, मैत्रिणीकडे धाडलं होतं. थोरली खिडकीकडे पाठ करून, मान खाली घालून बसली होती. तिला उजेड सहन होत नव्हता, आणि घरातल्या माणसांचे चेहरे त्याहून नाही.

साहेब आले ते सर्दीने बेजार होऊन. रुमाल, फाइल आणि घशाच्या गोळ्यांची डबी त्यांनी टेबलावर ओळीने मांडली. माणूस वाईट नव्हता. थोरलीला त्याचा राग यायचा तो एवढ्याचसाठी, की तो तिच्याबद्दल तिच्यापेक्षा जास्त जाणत होता.

“त्यांच्याकडची एक फाइल आमच्या हाती लागलीय,” ते म्हणाले. “तुमच्यावरची. वाचून दाखवायलाच हवं असं नाही.”

“वाचा,” थोरली म्हणाली.

“‘वय एकतीस. दोनदा लग्न जमून मोडलं. कचेरीत एकटी जेवते. कौतुकाची सवय नाही.’” साहेबांनी पान उलटलं. “‘वडील मुद्रितशोधक. छापील चुका जमवण्याचा नाद. मुलीचा वडिलांवर जीव. आधी वडील.’”

“पुढे?” बाबांनी विचारलं.

“पुढे काही नाही. एवढंच आहे. ‘आधी वडील.’”

बाबांनी मान डोलावली, कोणी पत्ता सांगावा आणि आपल्याला तो समजावा तशी. पाहुणे पहिल्यांदा या घरात आले ते थोरलीसाठी नव्हेच. ग्रंथालयात बाबांशी ओळख काढून, वर्तमानपत्राचं एक कात्रण द्यायला आले होते. कुणा बड्या माणसाच्या मृत्यूची बातमी, आणि मथळ्यात ‘सुखद निधन’. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. मग दर रविवारी कात्रणं यायला लागली. घरात उभ्या आयुष्यात कोणी बाबांच्या त्या वहीत डोकावलं नव्हतं, आणि हा परका माणूस तासन् तास वही मांडीवर घेऊन बसायचा. थोरलीला तो आवडला तो तिथे, त्या वहीपाशी. आपल्या बापाला ज्याने ओळखलं तो आपल्यालाही ओळखेल, असं तिला वाटलं होतं.

“ती कात्रणं…” बाबांनी सुरुवात केली.

“त्यांना पुरवली जायची. तिकडे एक माणूस नेमला होता त्या कामाला.”

“सगळी?”

“ते कसं सांगणार? बहुतेक.”

बाबांनी पुन्हा मान डोलावली. आईने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला, तो त्यांनी घेतला नाही.

साहेबांनी गोळी तोंडात टाकली आणि मग कामाचं बोलले. असं फक्त तुमच्याच बाबतीत झालं असं समजू नका, म्हणाले. अशा सहा जणी आमच्या माहितीत आहेत. एक वेड्यांच्या इस्पितळात आहे. एकीने स्वतःला संपवलं. एकीला आम्ही सगळं पुराव्यानिशी दाखवलं तरी तिचा विश्वास बसलेला नाही, ती अजून दोन माणसांचा स्वयंपाक करते. थोरलीला वाटलं, या बाईकडे जाऊन बसावं. तिथे आपल्याला कोणी काही समजावून सांगणार नाही.

“आणि आता हे,” साहेब म्हणाले. त्यांनी फाइलमधून एक साधं कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. “दोन महिन्यांपूर्वी आलं. तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही, माफ करा.”

अक्षर त्याचं होतं. ‘मी ठीक. चिमणीला जप. जमलं तर चार ओळी लिही.’ खाली तिसऱ्याच देशातल्या एका दातांच्या डॉक्टरचा पत्ता.

थोरलीने ते तीनदा वाचलं. “हे त्याने मनाने लिहिलंय, की कोणी सांगितलं म्हणून?”

“बाई, ते आम्हालाही कळलेलं नाही.”

साहेबांचा बेत सरळ होता. थोरलीने उत्तर लिहायचं. चिमणी फार आजारी आहे, मोठं ऑपरेशन आहे, ती सारखी तुझं नाव घेते. अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी, मी तिला सरहद्दीजवळच्या त्या गावी मोठ्या डॉक्टरांकडे नेतेय. अकरा वाजता स्टेशनच्या उपाहारगृहात बसू. एकदा येऊन तिला भेट. तो आला, की साहेबांची माणसं तिथे असतील. मग थोरलीवर खटला भरला जाणार नाही आणि धाकटा कामावर रुजू होईल.

“आणि नाही आला तर?” भावजयीने विचारलं.

“पत्र लिहिलंत, सहकार्य केलंत, एवढंही पुरे. मी तसा शेरा देईन.”

“आला तर काय करणार त्याचं?” हे आईने विचारलं.

“कमीत कमी वीस वर्षं.” साहेब उठले. “मी खाली जरा पाय मोकळे करतो. अर्ध्या तासाने येतो. तुम्ही घरचे बोलून घ्या.”

दार लागलं आणि धाकटा सुरू झाला. “लिही ताई. यात विचार करण्यासारखं आहे काय? सात महिने लोक माझ्याकडे बघून रस्ता ओलांडतात. आणि मी त्याच्याशी दर शनिवारी बुद्धिबळ खेळायचो! मुद्दाम हरायचा माझ्याशी. आता कळतंय.”

“तुमच्याशी हरायचं म्हणजे फार कडक प्रशिक्षण झालं असणार,” भावजय म्हणाली.

कोणी हसलं नाही, पण थोरलीला बऱ्याच दिवसांनी हसू येता येता राहिलं.

“मला नाही चालणार,” आई म्हणाली. “धडधाकट पोरीला आजारी पाडायचं, तेही कागदावर? आपल्या हाताने?”

“आई, तूच म्हणायचीस ना, याचे डोळे हसत नाहीत म्हणून?”

“म्हणायचे. पहिल्या दिवसापासून म्हणायचे. पण माझं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा महिनाभर माझं बेडपॅन कोणी उचललं? तू? तुला वास सहन होत नव्हता.”

“तेही कामाचाच भाग असेल.”

“असेल. पण उचललं ना?”

धाकट्याचा चेहरा उतरला. तो उठून खिडकीत गेला आणि रस्त्यावर साहेब फेऱ्या घालत होते ते बघत उभा राहिला. थोरलीला त्याची दया आली. आजपर्यंत या घरात धाकटा आणि पाहुणे एका बाजूला, आणि आई दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी होती. आता ती उलटीपालटी झाली होती आणि कोणालाच आपली नवी जागा नीट बसत नव्हती. बाबा मात्र कुठल्याच बाजूला नव्हते. ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले होते.

“बाबा, तुम्ही बोला की काहीतरी,” धाकटा म्हणाला.

“मी काय बोलू?” बाबा म्हणाले. “माझ्यावरूनच तर तो आत आला.”

थोरली कप उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. तिला स्वतःचीच आठवण नको होती, पण ती आली. चिमणीला बाळदमा होता तेव्हा तोच म्हणाला होता, रजा किती काढशील, उरलेलं काम घरी आणत जा, मी पोरीला बघतो. ती कागद आणायची. तो चिमणीला छातीवर घेऊन रात्र रात्र फिरायचा, आणि ही थकून झोपली की पहाटे ते कागद टेबलावर पसरून फोटो काढायचा. दोन्ही खरं होतं. फोटो खरे आणि छातीवर घेणंही खरं, आणि तिला दोन्हींमधला सांधा काही केल्या सापडत नव्हता.

भावजय तिच्या मागोमाग आत आली आणि दार लोटून घेतलं. या दोघींचं कधी फारसं पटलं नव्हतं. नणंद जरा जास्तच हुशार आणि भावजय जरा जास्तच स्पष्ट, असा तो मामला होता.

“ताई, एक विचारू? रागवायचं नाही.”

“रागवायला अंगात त्राण कुठाय?”

“तुम्हाला तो यायला हवाय. पकडून द्यायला म्हणून नाही. नुसता यायला.”

थोरलीने नळ सोडला. कप स्वच्छच होते, तरी विसळले. “तुला काय करायचंय?”

“मला काहीच नाही करायचं. फक्त लिहायचं तर त्याच्यासाठी लिहा. ह्यांच्या नोकरीसाठी लिहिलं, घरासाठी लिहिलं, असं उद्या आम्हाला ऐकवू नका. मला ते ओझं नको आणि ह्यांना ते पेलायचं नाही.”

हे ऐकून थोरली तिच्याकडे बघतच राहिली. पंधरा वर्षांत ही बाई तिच्याशी पहिल्यांदाच काही मनातलं बोलली होती, आणि ते अगदी बरोबर होतं. “लिहिते,” ती म्हणाली. “माझ्यासाठीच लिहिते.”

साहेब आले. त्यांनी मजकूर सांगितला आणि थोरलीने निळ्या शाईने लिहून घेतला. आई उठून देवळात निघून जावं तशी आतल्या खोलीत गेली आणि दार लावून बसली. मजकुरात चिमणीचा ताप होता, डॉक्टरांचं नाव होतं, गाडीची वेळ होती. लिहिताना थोरली कुठे अडली नाही. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं उतरवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

“शेवट माझा मी करते,” ती म्हणाली. “मी नेहमी एकाच तऱ्हेने शेवट करते. नाही केला तर त्याला संशय येईल.”

“उत्तम,” साहेब म्हणाले. “करा.”

पाहुणे यंत्रं विकायला महिना महिना बाहेरगावी असत, निदान तसं सांगत, तेव्हा थोरली दर आठवड्याला पत्र लिहायची. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी दोन शब्द. नीट ये. फक्त ती ते ‘निट ये’ असं लिहायची, पहिली वेलांटी देऊन. ही तिची चौथीतली चूक. कचेरीत टंकताना ती कधी चुकायची नाही, पण घरच्या कागदावर हात पहिल्या वेलांटीकडेच वळायचा. बाबांनी लाल शाईने किती वर्षं दुरुस्ती केली. शुद्धलेखन हा त्या घरात स्वच्छतेहून मोठा विषय. शेवटी ती हट्टाने तसंच लिहायला लागली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवऱ्याने असं एक पत्र बाबांपुढे नाचवलं होतं आणि तिला म्हणाला होता, “तू आपली पहिलीच देत जा. तुझ्या पत्रात दुसरी वेलांटी दिसली, की मी समजेन, बाबा शेजारी बसलेत!” तिघंही पोट धरून हसले होते.

घर सोडून जाताना त्याने सगळं मागे ठेवलं. कपडे, घड्याळ, चिमणीचे फोटो. फक्त थोरलीची पत्रं तेवढी नेली. साहेबांचं म्हणणं, पुरावा राहू नये म्हणून नेली. थोरलीचं म्हणणं काहीच नव्हतं, पण रात्री तिला झोप येईना ती या एका गोष्टीमुळे.

आता कागद तिच्यापुढे होता. तिला साधं नेहमीसारखं लिहायचं होतं. नेहमीसारखं लिहिलं तर तो हे पत्र तिचं आणि तिच्या एकटीचं समजेल. मग तो येईल किंवा येणार नाही. आला, तर बारा वर्षं खरी होती. नाही आला, तर नव्हती. उपाहारगृहाच्या दारातून आत येताना त्याचा चेहरा कसा असेल तेवढा तिला पाहायचा होता. त्यानंतरच्या वीस वर्षांचं ती मनात येऊ देत नव्हती. आपण काय करतोय हे तिला कळत होतं, त्याची लाजही वाटत होती, पण त्या लाजेपेक्षा ती भूक मोठी होती.

तिने लिहिलं. निट ये.

साहेबांनी पत्र वाचलं, शिंकले, पुन्हा वाचलं. मग कुणाच्या डोक्यात येऊ नये ते त्यांच्या डोक्यात आलं. “बाबा, तुम्ही एकदा नजर टाका. सगळं नेहमीसारखं वाटतंय ना?”

बाबांनी चष्मा लावला. पाहुण्यांचं ते कार्ड घेऊन पत्राच्या पहिल्या ओळीखाली धरलं आणि एक एक ओळ खाली सरकवत, जन्मभर छापखान्यात वाचलं तसं, वाचत आले. शेवटच्या ओळीशी थांबले. टेबलावरचं थोरलीचं पेन उचललं, वेलांटी खोडली, त्या जागी दुसरी काढली आणि समासात एक तिरकी रेघ मारली.

“अहो, हे काय केलंत?” साहेब म्हणाले.

“चूक होती,” बाबा म्हणाले.

धाकट्याने कपाळाला हात लावला. “बाबा! इथेसुद्धा?”

साहेबांना मात्र हसू आलं. “अडतीस वर्षांची सवय. जायची कशी? पण खाडाखोड नको, बाई. पुन्हा लिहून काढा. आणि तेवढं दुरुस्त करूनच लिहा. मुद्रितशोधकाच्या मुलीचं पत्र ते.”

थोरलीने बाबांकडे पाहिलं. ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. काच स्वच्छ झाली तरी पुसत होते, आणि तिच्याकडे बघत नव्हते. तेव्हा तिला कळलं, की सवयबिवय काही नाही.

एक वाक्य बोललं की झालं असतं. साहेब, मी हे नेहमी चुकीचंच लिहिते. साहेबांनी लगेच विचारलं असतं, हे बाबांना ठाऊक होतं का? आणि मग शहात्तर वर्षांच्या माणसाला त्या कचेरीतल्या लाकडी बाकावर, जिथे ती स्वतः अकरा दिवस बसली होती, तिथे बसवलं असतं. धाकट्याला काही ठाऊक नव्हतं, भावजयीला नव्हतं. खोलीत ही गोष्ट जाणणारी दोनच माणसं होती, आणि तिसरं माणूस सरहद्दीपलीकडे.

तिने नवा कागद घेतला. सगळा ताप, सगळे डॉक्टर, सगळ्या वेळा पुन्हा लिहिल्या. शेवटाशी पेन थोडा वेळ हवेत राहिलं. साहेब डबीतली गोळी शोधत होते.

नीट ये. दुसरी वेलांटी तिने चांगली गोलसर, शाळेतल्यासारखी काढली.

साहेब गेल्यावर ती बाबांच्या खोलीत गेली. दुपारचं ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. बाबा कात्रणांची वही मांडीवर घेऊन बसले होते, पण ती उघडलेली नव्हती.

“का केलंत?”

“हात गेला गं.”

“बाबा, खोटं नका बोलू. बारा वर्षांत माझा खोट्याचा कोटा संपलाय.”

बाबांनी वही बाजूला ठेवली. “वीस वर्षं, पोरी. आजारी लेकीला बघायला म्हणून तो दारातून आत येणार, आणि तिथे सहा माणसं. तुझ्या अक्षराने.”

“त्याने माझं काय केलं?”

“तेच केलं. अगदी तेच. म्हणून तर मला ते तुझ्या हातून व्हायला नको होतं.”

“की तुम्हाला तुमच्या पाहुण्यांना वाचवायचं होतं?”

बाबांनी बाजूच्या वहीकडे पाहिलं. “तेही असेल,” ते म्हणाले. “ती कात्रणं त्याला कुणी पुरवली असतील नसतील. पण वाचून हसायचा तो. समोर बसून हसायचा. ते मी पाहिलंय.”

थोरली पलंगाच्या कडेवर बसली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “मी त्याला शिक्षा द्यायला बोलवत नव्हते, बाबा. नेहमीचं पत्र मिळून तो आला असता, तर मला कळलं असतं. आला नसता, तरी कळलं असतं. कसंही असो, एकदा कळलं असतं आणि मी ते घेऊन जगले असते. आता तो नाही आला, तर मी काय समजू? वेलांटी बघून थांबला, की त्याला यायचंच नव्हतं?”

ही गोष्ट बाबांच्या ध्यानातच आली नव्हती. छापखान्यातही त्यांचं असंच होतं. पानातलं एक अक्षर सुटायचं नाही, पण पान कशाबद्दल होतं ते संध्याकाळी विचारलं तर सांगता यायचं नाही.

“अरे देवा,” ते म्हणाले, आणि त्यांनी थोरलीचा हात धरायला हात पुढे केला. ती उठून गेली.

अठ्ठावीस तारखेला चिमणी शाळेत गेली, आई भाजी निवडत बसली, भावजयीने आपणहून सगळ्यांचे कपडे इस्त्री केले. थोरली अकरा वाजता दारापाशी उभी होती, मग खिडकीपाशी, मग पुन्हा दारापाशी. स्टेशन इथून दोनशे मैलांवर होतं, आणि साहेबांनी ऐन वेळी तिला तिकडे येऊ दिलं नव्हतं. चार वाजता धाकटा साहेबांकडून निरोप घेऊन आला.

“नाही आला.”

“सुटला,” आई पुटपुटली आणि लगेच लेकीकडे बघून गप्प झाली.

“भित्रा,” धाकटा म्हणाला. “पोर मरायला टेकलीय म्हटलं तरी आला नाही. असला माणूस!” पण त्याच्या आवाजातही कुठेतरी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं. साहेबांनी शेरा चांगला दिला होता. महिन्याभरात त्याला कामावर घेतलं, आणि थोरलीचा खटला कधी उभाच राहिला नाही. तिला मात्र नोकरीवर परत घेतलं नाही, आणि तिनेही मागितली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बाबा तिच्यापाशी आले. “पोरी, त्याने वेलांटी पाहिली. म्हणून थांबला. बारा वर्षांपूर्वीची एवढीशी थट्टा, पण त्याला आठवली बघ. आठवण ठेवतं कोण? ज्याला…”

“असेल,” थोरली म्हणाली.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. त्या नऊ वर्षांत हे त्यांनी तिला कितीदा ऐकवलं असेल. जेवताना, औषध घेताना, चिमणीचा निकाल लागला त्या दिवशी, मध्येच कसलाही संबंध नसताना. दर वेळी ती असेल म्हणायची आणि हातातल्या कामाकडे वळायची. कात्रणांची वही त्यांनी पुन्हा उघडली नाही. आई गेल्यावर त्यांचं सगळं थोरलीच करत होती.

शेवटच्या आजारात, बोलणं जड झालं होतं तेव्हा, त्यांनी तिला जवळ बोलावलं. त्यांना धाप लागली होती.

“त्याने वेलांटी पाहिली,” ते म्हणाले. “तुला पटतं ना? खरं सांग.”

“हो बाबा,” थोरली म्हणाली. “पटतं मला. तेव्हाच पटलं होतं.”

बाबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी डोळे मिटले. थोरली त्यांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. तिला पटलं नव्हतं, त्या दिवशीही आणि आजही. पण किती सहज बोलली ती, आवाज कुठे अडखळला नाही, नजर कुठे हलली नाही, आणि तरी त्या म्हाताऱ्यावरची तिची माया काडीइतकीही खोटी नव्हती. पाहुणेही असेच बोलत असतील का, असं तिच्या मनात आलं आणि तिचा हात बाबांच्या कपाळावर तसाच थांबला.